शंकरपाळ्यांचा डबा

औषधांचा डबा माझ्याकडे आला
कारण चित्रकलेच्या बाईंचं अक्षर सुवाच्य.
एवढीच माझी पात्रता.
स्टीलचा डबा, झाकणावर अजून पट्टी: शंकरपाळे.
उघडला की आधी वेलदोडा, मग स्पिरिट.

गिरणाऱ्याला, दिवाळीच्या सुट्टीत, आठ रात्री.
चाळीस मुलं, शाळेच्या तीन खोल्या
आणि भिंतीपलीकडे द्राक्षबाग.
पहाटे ब्लोअर फिरला की तन्वेश पिंगळेची छाती शिट्टी वाजवते.
बागवाल्याकडे गेले, म्हटलं, दादा, वारं बघून मारा.
तो म्हणाला, बाई, भुरी काय वारं बघून येते?
तरी दुसऱ्या दिवशी फवारणीआधी
गडी आला निरोप घेऊन, खिडक्या लावा म्हणून.

जुनैद कोकणीचं इन्सुलिन
चौकातल्या दुकानाच्या फ्रिजमध्ये, थंड बाटल्यांच्या मागे.
दुकानदाराने वर चिठ्ठी डकवली: विकायचे नाही.
जेवणाआधी जुनैद शर्ट वर करून
पोटाची चिमूट धरतो तेव्हा
पोरं अशी दाटीने बसतात भोवती,
जसा काही तो पतंगाला कन्नी बांधतोय.

शौनकला दाणे चालत नाहीत.
हे मी शेवंताबाईंना सांगितलं तेव्हा
त्यांनी कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
काकडीत कूट, उसळीत कूट, ठेच्यात कूट.
"मग पोराला घालू तरी काय?"
आठ दिवस अख्ख्या शिबिराने खोबरं खाल्लं.
कुणी कुरकुरलं नाही असं नाही.

ऋजुता गायधनीच्या फॉर्मवर
"काही आजार?" याच्यापुढे
वडिलांच्या वळणदार अक्षरात: नाही.
ठक्कर बाजारहून बस हलली
तशी तिची आई खिडकीशी धावत आली,
पावडरचा रिकामा डबा कोंबला माझ्या हातात.
आत दहा गोळ्यांची पट्टी.
"रात्री नऊला. तिला ताकदीची म्हणून सांगितलंय.
फिट हा शब्द काढू नका.
ह्यांना माहीत नाही, मी सांगितलं ते."

बाकी सगळ्यांसाठी मी रकाने आखले होते,
निळी शाई सकाळ, लाल शाई रात्र.
तिच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही.
मोबाइलमध्ये नऊचा गजर लावला,
त्याला नाव दिलं: ताकद.

शेवटच्या सकाळी पट्टी मोजली.
आठ रात्री, दहा गोळ्या, उरायला हव्यात दोन.
तीन होत्या.
पुन्हा मोजल्या. एकेक फुगा अंगठ्याने चाचपला.
कुठली रात्र?
वीज गेली ती? मोबाइल मेलेला,
मोरीपाशी विंचू निघाला म्हणून सगळ्या बॅटऱ्या तिकडे,
आणि ऋजुता माझ्याच शेजारी झोपलेली,
नेहमीसारखी, एक पाय गोधडीबाहेर.
काही झालं नाही.
ते "काही झालं नाही"
मला अजून गिळता आलेलं नाही.

स्टँडवर आई. वडील लांब स्कूटरवर,
हेल्मेटही न काढता.
"त्रास नाही ना झाला काही?"
त्याच वळणाचं "नाही" माझ्या जिभेवर तयार होतं.
मी पट्टी पुढे केली.
म्हटलं, एक राहिली. माझ्याकडून.
ती बराच वेळ त्या तीन गोळ्यांकडे बघत राहिली.
मग अगदी हळू,
"घरीही राहते कधीकधी.
मी तरी कुणाला सांगते?"
तिकडून ऋजुता ओरडली,
"बाई, तुम्ही पण घ्या ना ताकदीची गोळी!
केवढ्या दमलेल्या दिसताय."

घरी, त्या रात्री, दाणे भाजत होते.
नऊला मोबाइल वाजला.
ताकद.
हातातला झारा थांबला.
दाण्यांना काळे डाग पडेपर्यंत उभी,
कुणाला काय द्यायचं राहिलंय
ते आठवत.